अर्धं निजलेलं मशीन

३ ऑक्टो. २००७, बुध. आवडी, मद्रास

हायड्रोजन प्लांटच्या पडद्याचं नवं कापड आलं. अ‍ॅस्बेस्टॉसचं, चौदा तुकडे. सकाळपासून बादली घेऊन बसलो. तुकडा भिजवायचा, कड्यात आवळायचा, वर पाणी, खालून हवेचा दाब, आणि पहिला बुडबुडा कधी फुटतो ते डोळे फाडून बघायचं. भोक जितकं बारीक तितका दाब जास्त लागतो. दोन तुकडे हात लावताच बुडबुडले. तिथल्या तिथे फाडून टाकले. नाहीतर मोठे साहेब (वर्क्स मॅनेजर, नाव लिहून शाई कशाला वाया घालवू) तेच सेलमध्ये घालायला लावतील. बारा पास. मान मोडली.

संध्याकाळी सु. ऑफिसातून आली तेव्हा मी बादलीवरच बोलत होतो. बायकोच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो, तिच्या बदलीमागे मद्रासला आलो, तेव्हा खरं तर ऐकायचं मी. पण ऐकते बिचारी.

"कापडाला भोकं आहेत तर गॅस पलीकडे जात नाही?"

म्हटलं, सेलमध्ये पाण्यातून वीज सोडली की इकडे हायड्रोजन, तिकडे ऑक्सिजन. मध्ये पडदा. भोकांत कॉस्टिक पोटॅशचं पाणी गच्च भरलेलं, त्यामुळे बुडबुड्याला वाट नाही. पाण्यात विरघळून चोरटा थोडा जातोच. तेवढा चालतो.

"थोडा म्हणजे किती?"

ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन शंभरात दोन झाला की भोंगा वाजतो. चारच्या पुढे ठिणगी पडली की संपलं. आपला अर्ध्याच्या आत असतो.

"म्हणजे चोराला घरात घेऊनच झोपायचं." ही बाई नको तिथे बरोबर बोलते.

९ ऑक्टो. मंगळ.

सेलची थप्पी आवळली, दाब चढवला, चालू. पूर्ण विजेवर ऑक्सिजनमधला हायड्रोजन ०.४. माझं कापड आहे ते. मोठे साहेब येऊन "गुड" म्हणून गेले, जसं काही त्यांनीच विणलं होतं.

मुरुगन फिटरनं एक नट वाकडा आवळला. मी पाना फेकून मारला. लागला नाही, पत्र्यावर आदळला. मुरुगन हसत सेतुरावांना म्हणाला, "सारुक्कु कोबम." साहेबांना राग आलाय. हे त्याचं रोजचं. राग येतो म्हणून मी वाईट नाही असं मुरुगननं ठरवूनच टाकलंय.

सेतुराव माझे पहिल्या पाळीचे ऑपरेटर. तंजावरकडचे मराठी, कामगार त्यांना रायर म्हणतात. पूर्वज शेकडो वर्षांमागे इकडे उतरले, आणि त्यांची मराठी तिथेच थांबली. "करूं नये", "तुम्हास", आणि वर तमिळ हेल. ते बोलले की जुनी बखर कुणीतरी गाऊन वाचतंय असं वाटतं. देवनागरी येत नाही. मराठी लिहितात ती तमिळ अक्षरांत, घरच्या किराण्याची यादीसुद्धा. मला तमिळ अक्षर फुटत नाही, मी नंबर बघून बस पकडतो. त्यामुळे ते लिहितात ती माझी भाषा, पण मला वाचता येत नाही. आम्ही दोघं याच्यावर खूप हसतो.

१६ ऑक्टो. मंगळ.

आयुधपूजेवरून भांडण. शनिवारी पूजा, रविवारी विजयादशमी. इकडची रीत अशी की पूजेला मशीनला गंध, कुंकू, हार, आणि मशीन पूर्ण विश्रांतीला. दसऱ्याला मुहूर्तावर उठवायचं. दरवर्षी यासाठी आम्ही प्लांट बंद करतो, दाब उतरवतो, नायट्रोजन मारून सगळा गॅस हाकलतो. दोन दिवस जातात. बंद-चालू करताना पत्र्यांवरचं निकेल झिजतं ते वेगळंच. शिवाय वनस्पती तुपाचे कारखाने हायड्रोजनसाठी बोंबलतात.

मी तोड काढली. बंद नको. वीज दहा टक्क्यांवर आणू. मशीन गुणगुणत राहील. देवाला काय कळतंय! मोठे साहेब खूश. म्हणाले, पाटणकर, तुम्ही शास्त्र आणि धर्म दोन्ही सांभाळलंत.

सेतुराव उभे राहिले. हात मागे बांधून. "सार, निजवायचं तर पुरतं निजवा. नाहीतर पूजा नको करूं. अर्धं निजलेलं जनावर लात मारतं."

"जनावर नाही ते, मशीन आहे."

"तीस वर्षं नायट्रोजन मारूनच निजवलों की."

मी ओरडलो. काय ओरडलो ते जसंच्या तसं लिहितो, कारण आत्ताही घसा दुखतोय: "तुम्ही पूजा बघा, गॅस मी बघतो!" सगळ्या शेडनं ऐकलं. सेतुराव "बरं" म्हणाले आणि मीटर पुसायला गेले.

माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस. उद्या काहीतरी गोड बोलावं.

२० ऑक्टो. शनि.

पूजा झाली. पॅनेलला गंधाचे पट्टे, टाकीला झेंडूचा हार, नळ्यांनासुद्धा कुंकू. सुंदल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खाल्लं, दोन द्रोण. मशीन दहा टक्क्यांवर, मांजरासारखं.

तीन वाजता भोंगा. ऑक्सिजनच्या बाजूचा मीटर २.९. थोड्या वेळानं ३.८. सेतुराव माझ्याकडे बघतात. मी विचार केला: वीज कमी, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह कमी, म्हणजे मीटरच्या बारीक नळीत पुरेसा नमुना येत नाही, म्हणून काटा पिसाळलाय. कापड तर मी स्वतः तपासलेलं. पास.

"खोटं बोंबलतंय. नमुन्याचा वाल्व बंद करा."

"सार, ३.८—"

"माझ्या जबाबदारीवर!"

सेतुरावांनी बंद केला. भोंगा गप्प. किती बरं वाटलं. बाहेर येऊन मुरुगनबरोबर चहा प्यायलो. तो उद्या मुहूर्तावर कोहळा फोडणार आहे, मोठ्या कौतुकानं निवडून आणलाय, तान्ह्या पोरासारखा काखेत धरून दाखवला.

२४ ऑक्टो. बुध.

डाव्या हातानं लिहितोय. उजव्या पंजात काच गेली होती, सात टाके. अक्षर वाकडं आहे. असू दे.

रविवारी सव्वानऊचा मुहूर्त. मुरुगननं कोहळा फोडला. आत कुंकू भरलेलं, लाल पाणी पायरीवर. सगळे टाळ्या वाजवतात. सेतुरावांनी हात जोडले, वीज चढवायला सुरुवात केली. वीस. तीस. मी काचेच्या केबिनमध्ये, हातात पेढा.

आवाज ऐकू आला नाही. आधी धक्का आला, छातीवर दार आपटल्यासारखा. मग काच आली. मग कान गेले. ऑक्सिजनच्या टाकीचं झाकण छप्पर फोडून वर गेलं आणि परत येताना मुरुगनवर आलं.

लिहायचं होतं की तो जागच्या जागी गेला. तसं नाही. पाय हलत होते. मी मोजले, चार वेळा. का मोजले माहीत नाही.

पोटॅशचं पाणी, ऐंशी अंश गरम, पावसासारखं पडलं. सेतुराव पॅनेलपाशी उभे होते. चेहऱ्यावर, तोंडात. किंचाळायला तोंड उघडलं असेल तेव्हाच आत गेलं. मी नळी धरून त्यांच्यावर पाणी मारत राहिलो. कुणीतरी मला ओढत होतं, मी त्याला कोपरानं हाणलं, त्याचं नाक फुटलं. नंतर कळलं अँब्युलन्सवाला होता. पाणी मारत राहिलो. कातडी साबणासारखी निसटत होती माझ्या हातात.

झेंडूची फुलं सगळीकडे. एकही जळलं नव्हतं.

२५ ऑक्टो. गुरु.

बसून आकडेमोड केली. पाच मिनिटांची होती. पाच मिनिटांची.

पडद्यातून जो चोरटा हायड्रोजन जातो तो वीज किती आहे हे विचारत नाही. दाब तोच, कापड तेच, म्हणजे गॅस तेवढाच जातो, रात्रंदिवस. पूर्ण विजेवर ऑक्सिजन भरपूर, त्यात तो बुडून जातो. वीज दहावा हिस्सा केली की ऑक्सिजन दहावा हिस्सा, चोर तेवढाच. हंडाभर ताकात वाटीभर पाणी घाला, कुणाला कळत नाही. पेलाभर ताकात तीच वाटी घाला. ०.४ चे ४. रात्रभर टाकीत तेच भरत राहिलं, वीज चढवताना एक ठिणगी पुरली.

मीटर खोटं बोलत नव्हता. भोंगा खरं बोंबलत होता. कापडही चांगलं होतं. माझं कापड उत्तम होतं, हे कुणाला सांगू! भोकं कशी असतात ते भारतात दहा माणसांना कळत असेल तर त्यातला मी एक, आणि मला हे सुचलं नाही. सेतुरावांना आकडेमोड येत नाही. त्यांना तीस वर्षांची रीत येत होती. पूर्ण निजवा, नायट्रोजन मारा. रीतीत आकडा दडलेला होता आणि मी रीतीला हसलो.

बादली अंगणात नेऊन दगडानं ठेचली. डाव्या हातानं. प्लॅस्टिकची, लवकर मेली. सु. दारात उभी राहून बघत होती.

२६ ऑक्टो. शुक्र.

मुरुगनचं प्रेत आज दिलं. गेटवर तीनशे माणसं. दगड. वॉचमनची केबिन उलटी केली, मोठ्या साहेबांच्या गाडीची एकही काच ठेवली नाही. मी मागच्या दारानं गेलो नाही. पुढून गेलो. शौर्य म्हणून नाही. कुणीतरी मारावं असं वाटत होतं.

मुरुगनच्या भावानं मारलं. गालफडावर, दोनदा, मग पोटात. दात हलतोय. तो मारताना रडत होता आणि तमिळमध्ये एकच विचारत होता, मला तेवढं कळलं: "कोण? कोणी केलं?"

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात पोलिसांनी त्याला मागे खेचलं, लाठी घातली. माझ्या वाटची लाठी.

२९ ऑक्टो. सोम.

मोठ्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर काच, काचेखाली त्यांच्या गुरूंचा फोटो. म्हणाले, सरकारी चौकशी येतेय, तांत्रिक अहवाल तुम्ही लिहा, भोकांचं तुम्हालाच कळतं. आणि लिहा की पूजेचा हार मीटरच्या नळीच्या तोंडावर आला, नमुना अडला, भोंगा वाजला नाही.

म्हटलं, हार टाकीवर होता. नळी चार हात लांब.

"फुलं सगळ्यांना कळतात, पाटणकर. तुमचा तो पडदा कुणाला कळणार आहे?" मग हळू आवाजात, "रायर बोलू शकत नाहीत. घशात नळी आहे. तुम्ही बोलू शकता. विचार करा कुणी बोललेलं बरं."

मी टेबलावर मूठ आपटली. बरी मूठ, डावी. काच तडकली, गुरूंच्या कपाळावरून रेघ गेली. शिव्या दिल्या, मराठीत, आईबापासकट, सगळ्या. त्यांना एकही कळली नाही. शांतपणे कागद पुढे सरकवला.

सही केली.

मूठ आपटायला मी शूर. सही करायलाही तेवढाच. आजवर वाटायचं राग म्हणजे प्रामाणिकपणा. राग म्हणजे निव्वळ आवाज.

१ नोव्हें. गुरु.

हॉस्पिटल. सेतुरावांचा चेहरा पांढऱ्या कापडात. डावा डोळा गेला. उजव्याबद्दल सांगत नाहीत. कमलाबाई, त्यांच्या पत्नी, बाकावर. मला बघून उठल्या, डबऱ्यातून, इकडच्या पितळी वाडग्यातून, कॉफी ओतली. "जेवलांत?" विचारलं. मला! म्हणाल्या, "ह्यांनी तुमचं नाव फार घ्यायचे. गावाकडली मराठी बोलणारे एकलेच सार, म्हणून."

कॉफी संपवली.

जिन्यात कंपनीचा माणूस भेटला. कमलाबाईंना अजून सांगितलं नाही म्हणे, पण पूजेचा ठपका रायरांवरच आहे, खटला होईल बहुतेक, मनुष्यवधाचा. एका डोळ्याच्या माणसावर. मी त्याला जिन्यावरून ढकलून देणार होतो. कॉलर धरली होती. सोडली. त्यानं फक्त मी सही केलेलंच वाचून दाखवलं होतं.

५ नोव्हें. सोम.

चौकशी. सरकारच्या इन्स्पेक्टर बाई आल्या आहेत, पन्नाशीच्या, तमिळ, घोटीव सुती साडी, कुणालाही हं म्हणत नाहीत. मी, मोठे साहेब, त्यांचा वकील. बाईंनी माझा अहवाल दोन बोटांनी उचलला. "फुलं," म्हणाल्या. बस, एवढंच.

मग एक कागद काढला. सेतुरावांनी काल नर्सकडून पेन मागून लिहिला म्हणे. उजवा हात धड आहे, उजव्या डोळ्यानं अंधुक दिसतं. अक्षरं मोठी, ओळींवर ओळी चढलेल्या. बाई म्हणाल्या, "अक्षरं तमिळ आहेत. इदु तमिळ इल्लै, ही तमिळ नाही. मी वाचते, कुणाला कळतं का बघा."

आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं. अडखळत, एकेक अक्षर लावत, अर्थ न कळता. चार ओळी. एका अनोळखी तमिळ बाईच्या तोंडून सेतुरावांची मराठी बाहेर आली. त्या खोलीत ती एकट्या मला कळत होती.

मशीन निजवलों नाही, तरी पूजा केलों.
मीटर ओरडलं, वाल्व मी बंद केलों.
हा अपराध माझा.
तुमचा तुम्ही सांगा.

पंख्याचा आवाज येत होता. दात दुखत होता. बाईंनी विचारलं, "कोणती भाषा?"

"मराठी."

"काय लिहिलंय?"

मी तीन ओळी इंग्रजीत सांगितल्या. बरोबर सांगितल्या, शब्दाला शब्द. वकील भराभर लिहून घेत होता. मोठ्या साहेबांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

"आणि शेवटची?"

"नमस्कार," म्हणालो. "शेवटी नमस्कार लिहिलाय."

६ नोव्हें. मंगळ.

सु.ला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. भोंगा, वाल्व, सही, नमस्कार. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"त्यांनी ती चिठ्ठी सरकारला नाही लिहिली. तुम्हाला लिहिली."

कळतंय.

"त्यांना माहीत होतं खोलीत ती तुम्हालाच कळणार. तुमचं नावसुद्धा नाही घातलं. तुम्हाला जागा ठेवली. आणि तुम्ही त्या जागेत नमस्कार घातलात!" लाटणं भिंतीवर फेकलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. भिंतीचा पोपडा पडला. मग खाली बसून तिनंच तो सुपलीत गोळा केला.

मी तुरुंगात गेलो तर हिचं काय, वगैरे बोलायला तोंड उघडलं. म्हणाली, "माझं नाव मध्ये घालू नका. पगार माझा आहे, घर माझं आहे."

८ नोव्हें. गुरु. दिवाळी

पहाटे क्वार्टरमध्ये फटाके. पहिल्या बाँबला मी जेवणाच्या टेबलाखाली होतो. कसा गेलो आठवत नाही. कपाळ आपटलं. दुसऱ्या बाँबला बाहेर पळालो, शेजाऱ्यांची लवंगी माळ पायानं तुडवली, बाकीची खोकी उचलून गटारात फेकली. शेजारी पळत आला, त्याच्या छातीवर ढकललं, तो कुंडीवर पडला. बायका ओरडतात, पोरं रडतात. पायाला भाजलंय. सु.नं हात जोडून सगळ्यांची माफी मागितली. माझ्या वतीनं. माझ्या वतीनं बाकीचे लोक बरंच काही करतात.

अभ्यंगस्नान केलं. उटणं अंगावर चोळताना ती कातडी आठवली, साबणासारखी निसटणारी. ओकलो.

१० नोव्हें. शनि.

दुपारी फोन. इन्स्पेक्टर बाई. इंग्रजीत, हळू.

"मिस्टर पाटणकर, नमस्कारम आम्हीही म्हणतो."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तो कागद मी स्वतः वाचला. चौथ्या ओळीत मी तो शब्द वाचल्याचं मला आठवत नाही. पुन्हा वाचून पाहिला. नाही." कागद उलटल्याचा आवाज. "तंजावरचे रायर या शहरात पुष्कळ आहेत. मी कुणाकडूनही वाचून घेऊ शकते. पण आधी तुम्हाला विचारावंसं वाटलं. सोमवारी अकरा वाजता या. चौथी ओळ घेऊन या."

बाईंनी फोन ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून उभा. संताप कुणावर करायचा ते सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा हाताशी कुणी नव्हतं.

११ नोव्हें. रवि.

हॉस्पिटलला गेलो. ठरवून. त्यांना तोंडावर सांगायचं, मग उद्याचं उद्या.

घशातली नळी काढलीय. उजवा डोळा उघडा, छताकडे. मी खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं. वाल्व मी बंद करायला लावला. दहा टक्के माझी अक्कल. फुलांचं मी लिहिलं. सही माझी. तुमची चौथी ओळ मी गिळली. एका दमात, मोठ्यानं, शेजारच्या खाटेवरचे बघायला लागले. सेतुरावांचा डोळा हलला नाही. वाटलं, माफ करत नाहीत. मग वाटलं, करतायत. मी त्यांचा हात धरला.

मागून कमलाबाईंचा आवाज. "ऐकूं येत नाही त्यांस. त्या दिवशीच कान गेले. दोन्ही."

मी वळलो. त्या दारात. हातात कॉफीचा डबरा. किती वेळ उभ्या होत्या ते त्यांच्या तोंडावरून कळलं. त्यांना मराठी कळते. या हॉस्पिटलात माझी मराठी कळणारी दोन माणसं, एक बहिरा झालेला, आणि एक ही.

डबरा फेकला. पितळी, भरलेला. कपाळावर बसला, दिवाळीच्या टेंगळाच्या बरोबर वर. कॉफी डोळ्यांत, रक्त नाकावरून. मी हललो नाही. त्या पुढे आल्या, वाटलं अजून मारतील, मारावं. पदराचं टोक धरून त्यांनी माझ्या डोळ्यावरचं रक्त पुसलं, जोरात, भांडं पुसावं तसं.

"मला सांगून काय करूं मी? त्यांस सांगून काय?" पदर सोडला. "तिथं सांगा. मुरुगनचा भाऊ बसेल तिथं सांगा. आतां जा."

सेतुरावांनी माझ्या हातातून हात काढून घेतला. की तो निसटला. कळलं नाही.

१२ नोव्हें. सोम.

साडेनऊ. तीन टाके कपाळावर. उजव्या हाताचे सुटलेत, आज उजव्यानंच लिहितोय. अक्षर ओळखू येत नाही, सवय गेली.

पाऊस आहे. लोकल अर्धा तास उशिरा असं शेजारी म्हणाला. (ज्याला ढकललं तो. तरी सांगायला आला.)

मोठ्या साहेबांचा फोन येऊन गेला. वकील गेटवर थांबेल, आत जायच्या आधी त्याला भेटा. मुरुगनच्या भावालाही आज बोलावलंय म्हणे, जरा जपून.

शर्ट सु.नं इस्त्री करून ठेवला. "मी येऊ का?" म्हणाली. म्हटलं, ये. मग म्हटलं, नको. ती साडी बदलायला गेलीय.

पाच मिनिटांच्या आकडेमोडीचा कागद खिशात घातलाय. तो दाखवायला धीर लागत नाही, आकडे आपलं आपण बोलतात. चौथी ओळ कागदावर नाही. ती तोंडानंच म्हणावी लागेल. पहाटेपासून इंग्रजीत जुळवतोय. शब्द सोपे आहेत, तिन्ही. "तुमचा" पर्यंत नीट येतं आणि तिथे "माझा" म्हणावं लागतं, मग पुढचं—

सु. चपला घालून दारात उभी आहे.